प्रवचनांचे तेवीस खंड

रविवारी दुपारी आत्याने प्रवचनांचे तेवीसच्या तेवीस खंड ढकलगाडीवर रचून कारखान्यात आणले, तेव्हा घरच्यांनी एकच अर्थ काढला: आत्या वाटण्या करायला निघाली. साठी उलटलेली एकटी बाई. खोलीत पलंग, शेगडी आणि हे खंड, यापलीकडे काही नाही. ती सगळ्यांना तीन वाजता बोलावते, वर पाळकांनाही बोलावते, म्हणजे दुसरं काय असणार?

"मला बाई एकही खंड नको," आत्याची वहिनी जिन्यातच आपल्या नवऱ्याच्या, दादाच्या, कानाशी लागली. "ठेवायचे कुठे? आणि घेतले म्हणजे वाचावे लागतील."

"थोडे तरी घ्यावे लागतील," दादा म्हणाला. "सख्खी बहीण आहे."

खाली बाइंडिंगचा कारखाना आणि वर दादाचं घर, अशी त्यांची वडिलोपार्जित सोय होती. आत्या रस्त्यापलीकडे एका खोलीत राहायची आणि रोज सकाळी आठला येऊन शिवणीच्या टेबलाशी बसायची. छापून आलेल्या मोठ्या तावांच्या, म्हणजे फर्म्यांच्या, घड्या घालायच्या, त्या सुईने एकमेकींत ओवायच्या, पाठीला खळ लावायची, हे काम ती चाळीस वर्षं करत होती आणि तिच्यासारखी शिवण गावात कुणाची नव्हती. हे तेवीस खंडही तिनेच बांधलेले होते. तपकिरी कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, 'प्रवचने, खंड पहिला' इथपासून पुढे. खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाची नजर त्यांच्यावर जायची आणि प्रत्येक जण मनात म्हणायचा, केवढी भाविक बाई! तीस वर्षांत एकदाच कुणीतरी वाचायला मागितला होता. धाकट्या बहिणीचा, धाकटीचा, नवरा पाठदुखीने अंथरुणाला खिळला होता, त्याला वेळ जात नव्हता, त्याने चौथा खंड मागितला. आत्याचा चेहरा पांढरा पडला. "त्याला वाळवी लागलीय," ती म्हणाली, आणि त्याला मनापासून सुटल्यासारखं वाटलं.

खंडांत पानं नव्हती. एकाही खंडात एकही पान नव्हतं. त्या पुस्तकाच्या आकाराच्या पेट्या होत्या, आणि त्यांत आत्याने तीस वर्षांत लोकांच्या घरून उचललेल्या वस्तू होत्या.

हे कसं सुरू झालं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गरज म्हणावी तर नव्हती. गाळणीची काय गरज? तिच्याकडे गाळणी होती. पण पाहुणी म्हणून कुठे बसली, हात मांडीवर रिकामे राहिले, की त्यातला उजवा आपल्या मनाने निघायचा. कामात असलेल्या हाताला चोरी ठाऊक नव्हती. कारखान्यातली साधी टाचणी तिने कधी नेली नाही. घरी आल्यावर मात्र पिशवीतून काहीतरी निघायचं, ती ओशाळी व्हायची, गुडघे टेकून प्रभूची क्षमा मागायची, उद्यापासून नाही म्हणायची, आणि ती वस्तू खंडात ठेवायची. एक खंड भरला की दुसरा बांधायची. बांधणी मात्र मन लावून करायची.

मग सातचा प्रकार घडला. चर्चमध्ये भिंतीवर एक फळी होती. त्या दिवशी कोणतं गीत गायचं त्याचे लाकडी आकडे तिच्यावर अडकवायचे. एका बैठकीनंतर आवराआवर करताना सातचा आकडा आत्याच्या पिशवीत गेला. पुढचे चार रविवार मंडळींनी सात नसलेली गीतं गायली. कुणी काही बोललं नाही. पाळकांनी पुठ्ठ्यावर खडूने सात काढून लावला, तो गाताना खाली पडला, आणि सगळी मंडळी हसली. आत्याला हसता आलं नाही आणि गाताही आलं नाही. उपासना संपल्यावर ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि तिने सात टेबलावर ठेवला.

पाळक तरुण होते, बारा महिने सर्दीने बेजार असायचे. त्यांनी नाक पुसलं, आकडा उलटसुलट करून पाहिला. "बरं झालं," ते म्हणाले. "मला पुढच्या रविवारी सत्याहत्तरावं गीत घ्यायचं होतं. पण त्याला दोन सात लागतील."

आत्याने मान खाली घातली, पिशवीत हात घातला आणि दुसरा सात काढून दिला.

त्यानंतर ती तासभर बोलत होती आणि पाळक नुसते ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, ज्याचं त्याला द्या, आणि कबूल करून द्या. बाहेरच्या लोकांच्या वस्तू तिने स्वतः हिंडून परत केल्या. दंतवैद्याला त्याचा छोटा आरसा दिला, वाचनालयाला शिक्का दिला. त्या दिवसापासून उजव्या हाताने काहीही उचललेलं नव्हतं. आज एक्केचाळिसावा दिवस होता. रोज झोपताना ती दिवस मोजायची आणि एखाद्या पोरीने नवा फ्रॉक आरशात पाहावा तशी स्वतःवर खूश व्हायची.

फक्त एक वस्तू खंडात नव्हती. ती रुमालात गाठ मारून आत्याच्या पिशवीच्या तळाशी होती. आईचं चांदीचं अंगुस्तान.

शिवताना सुई टोचू नये म्हणून आई ते बोटात घालायची. अकरा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली, तेव्हा धाकटीने रजा काढून तिची सेवा केली. धाकटी दवाखान्यात परिचारिका. शेवटच्या दिवशी अंगुस्तान नाहीसं झालं, आणि दादा सगळ्यांसमोर धाकटीला म्हणाला, "तूच होतीस खोलीत." धाकटीने पिशवी उचलली आणि त्यानंतर या घराची पायरी चढली नाही. आत्या मात्र दोन्हीकडे जायची. दर गुरुवारी संध्याकाळी ती धाकटीकडे जेवायला असायची. एकट्या बाईच्या आठवड्यात ती एक संध्याकाळ होती, जिच्यासाठी ती केस नीट विंचरायची.

आज खरं सांगितलं तर गुरुवार जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं. म्हणून पहाटेपासून तिने एक पळवाट शोधून ठेवली होती. वस्तू वाटताना अंगुस्तान गुपचूप दादाच्या ढिगात सरकवायचं. सापडलं म्हणजे झालं. कुठून आलं ते कोण विचारतंय?

तीन वाजले. दादा आणि वहिनी खाली आले. त्यांची नवी सून चहाचं बघत होती. नवरा कामासाठी परगावी असल्याने सासरच्या या पहिल्या मोठ्या बैठकीला ती बिचारी एकटीच तोंड देत होती. पाळक बिस्किटांजवळची खुर्ची धरून बसले, आत्या त्यांच्या शेजारी. सगळ्यांत शेवटी धाकटी आणि तिचा प्लंबर नवरा आले. अकरा वर्षांनी धाकटी कारखान्यात शिरली, आणि दादा एकदम कटिंग मशीनला तेल घालू लागला. ते मशीन त्याने कालच तेल घालून पुसलं होतं.

"ताई, तू बोलावलंस म्हणून आलेय," धाकटी आत्याला म्हणाली. "बाकी कुणाशी बोलायला आलेले नाही."

"आम्हालाही कुणाची वाट बघायची नव्हती," वहिनी पुठ्ठ्यांच्या थप्पीला म्हणाली.

"आपण प्रार्थना करू या," पाळक घाईने म्हणाले.

सगळ्यांनी डोळे मिटले. पाळकांची प्रार्थना लांबली, कारण मध्ये दोनदा शिंक आली. आत्याने इतक्या कळकळीने बळ मागितलं, की आमेन म्हणताना तिला अंग हलकं वाटलं. मग ती टेबलाशी उभी राहिली. 

"हे खंड आहेत ना," ती म्हणाली, "ही प्रवचनं नाहीत."

तिने पहिला खंड उघडला आणि टेबलावर पालथा केला. मग दुसरा. मग तिसरा. चमचे खणखणत पडले. त्यांच्यामागून फण्या, गाळणी, रेडिओचं बटण, चष्म्याची एक काडी, डाव्या पायाचा मोजा, थर्मामीटर. असे तेवीसच्या तेवीस खंड तिने रिकामे केले.

"हे सगळं मी चोरलेलं आहे," आत्या म्हणाली. "तुमच्या घरांतून. तीस वर्षं. मी पापी आहे. प्रभूने मला क्षमा केलीय असं पाळकसाहेब म्हणतात. तुम्ही करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा."

तिने डोळे मिटले आणि आभाळ कोसळायची वाट पाहिली.

"अरेच्चा, माझा उंट!" असा दादाचा आवाज आला.

आत्याने डोळे उघडले. दादा मशीन सोडून टेबलावर वाकला होता आणि त्याच्या हातात बुद्धिबळातला काळा उंट होता. "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी उंटाच्या जागी बाटलीचं बूच घेऊन खेळतोय! बुचाने दोनदा मात दिलीय मी."

"आणि ही आमच्या मोरीतल्या नळाची मूठ," प्लंबर म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "ताई, अहो, मी प्लंबर! आणि माझ्या घरी नळ पकडीने उघडायचा. येणारा जाणारा हसायचा."

"मग नवी बसवायची होती," दादा म्हणाला.

"लोकांच्या घरी बसवण्यात जन्म गेला. आपल्या घरी कधी सवड होते?"

एव्हाना वहिनीही पदर खोचून पुढे झाली होती. "ही पळी माझी."

"तुमची?" धाकटी म्हणाली. "तुमच्या पळीला दांड्यात भोक होतं. याला आहे का?"

"भोक बुजवून घेतलं होतं."

"पळीचं भोक कोण बुजवतं?"

"ज्यांना वस्तू जपून वापरायची सवय असते ते!"

अकरा वर्षांनी दोघी एकमेकींशी बोलल्या, त्या या पळीवरून. दोघींच्याही ते लक्षात आलं आणि दोघींनी पळी एकदम सोडली.

आत्या बाजूला उभी होती आणि तिला काही समजेना. तिने शिव्या धरून चालल्या होत्या, रडारड धरून चालली होती. दादा 'चालती हो' म्हणेल, मग खोलीही सोडावी लागेल, म्हणून तिने खोलीतली शेगडीसुद्धा विझवून ठेवली होती. इथे तर बाजार भरला होता. 'तू चोर?' असं म्हणून एकानेही कपाळाला हात लावला नव्हता.

तेवढ्यात नवी सून चहा घेऊन आली. कप सगळ्यांना दिले, साखरेचं भांडं मध्ये ठेवलं, आणि एक चमचा, चांगला नक्षीचा, तिने आत्याच्या कोपरापाशी वेगळा ठेवला. अगदी टेबलाच्या कडेला.

"हा कशाला?" आत्याने विचारलं. "कपात चमचा आहे की."

"हा तुमचा," सून म्हणाली.

"माझा?"

"म्हणजे, सासूबाईंनी सांगितलंय ना. आत्या आल्या की एक चमचा कडेला काढून ठेवायचा, नाहीतर दुसरं काहीतरी जातं." तिने सासूकडे पाहिलं. सासू डोळे वटारून मान हलवत होती. "आजही ठेवायचा होता ना? का आज नको होता?"



"तुम्हाला माहीत होतं?" आत्याने विचारलं.

 दादाने उंट खिशात घातला.

"वहिनी?"

"वन्सं, आता काय सांगू," वहिनी म्हणाली. "चमचे मी डझनाने आणते. स्वस्तातले, पण दिसायला बरे. तुम्हाला निदान बरं काहीतरी मिळावं म्हणून."

"दादा? तुला?"

"अगं, शेंबड्या पोरालाही माहीत आहे," दादा म्हणाला. "तू येणार म्हटलं की ही घड्याळं आत ठेवते आणि चमचा बाहेर. तीस वर्षं चाललंय."

"आम्ही घरी गाळणी ठेवायचो," प्लंबर हळूच म्हणाला. "नळाचं मात्र ध्यानात आलं नाही."

आत्या मटकन स्टुलावर बसली. तीस वर्षं ती रात्रीच्या रात्री गुडघ्यांवर रडली होती. कुणाला कळलं तर मेले, असं म्हणत जगली होती. आणि ही मंडळी तिच्यासाठी डझनाने खरेदी करत होती! तिला प्रथम लाज वाटली, आणि मग राग आला. असा राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता.

"म्हणजे मी चोरी केलीच नाही?" ती ओरडली. "तुम्ही देत होतात आणि मी नेत होते? पाळकसाहेब, तुम्ही सांगा! तीस वर्षांचं माझं पाप खरं की खोटं?"

पाळकांच्या तोंडात बिस्किट होतं. त्यांनी ते सावकाश गिळलं. "यांनी ठेवलं असेल," ते म्हणाले. "तुम्ही मात्र चोरलंच."

"ऐकलंत?" आत्या म्हणाली. तिला विचित्र समाधान वाटलं. "मग एकाने तरी तोंडावर सांगायचं होतं!"

"कसं सांगणार?" वहिनी म्हणाली. "तुमचा अपमान झाला असता."

"व्हायला हवा होता! एकदा अपमान झाला असता, चार दिवस रडले असते आणि सुटले असते. तुम्ही मला चमचे घातलेत! चिमण्यांना दाणे घालतात तसे!"

 वहिनीचा चेहरा उतरला, कारण तीस वर्षं आपण किती समजूतदार आहोत असंच तिला वाटत आलं होतं.

धाकटी मात्र आत्याकडे पाहत नव्हती. ती दादाकडे पाहत होती. तिचा कप हातातच राहिला होता.

"थांबा," ती म्हणाली. "दादा, तुला माहीत होतं."

"आत्ताच सांगितलं की, सगळ्यांना..."

"ताई वस्तू उचलते हे तुला माहीत होतं. मग अंगुस्तान गेलं त्या दिवशी तू माझं नाव का घेतलंस?"

दादाने तेलाची कुपी उचलली. "तू होतीस खोलीत," तो मशीनला म्हणाला.

"ताईपण होती. तिच्यावर संशय घ्यायला माझंही मन धजलं नाही, पण तू तर माझं नाव घेतलंस. माझ्याकडे बघून बोल."

"चमचा वेगळा, आईचं चांदीचं वेगळं. वाटलं नव्हतं, ही तिथवर जाईल."

"दादा."

दादाने कुपी खाली ठेवली. मोठा, रुंद माणूस, चार गडी हरले तरी पुठ्ठ्यांचा गठ्ठा एकटा उचलायचा, पण आता त्याला खांदे कुठे ठेवावेत ते कळेना. "आला होता संशय," तो म्हणाला. "पण तेव्हा शाळेच्या चार हजार पुस्तकांचं काम अंगावर होतं. हिला बोललो असतो आणि ही रागावून गेली असती, तर शिवणीला कोण बसणार होतं? तू दवाखान्यातली. तू गेलीस तर काम अडणार नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला संशय होता?" वहिनी किंचाळली. "आणि मी अकरा वर्षं हिच्या नावाने बोटं मोडतेय! रोज! सकाळी उठल्यावर!"

"रोज?" धाकटीने विचारलं.

"रविवार सोडून," वहिनी म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली.

आता आत्याची पाळी होती, आणि हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पळवाट अजून उघडी होती. सगळ्यांचं लक्ष दादाकडे होतं. रुमालाची गाठ सोडायची, चमच्यांच्या ढिगात हात घालायचा, आणि 'हे बघा काय सापडलं' म्हणायचं. दादा आयता सापडलाच आहे, सगळा राग त्याच्यावर जाईल. गुरुवार वाचेल. तिच्या मनात हे सगळं येऊन गेलं, आणि मनापासून आलं. मग तिने धाकटीच्या हातातला कप पाहिला. तो कलला होता, बशीत चहा सांडत होता आणि धाकटीला ते कळतही नव्हतं.

प्रभू, मला जमत नाही, आत्या मनात म्हणाली. तूच काय ते कर.

"मी घेतलं," ती मोठ्याने म्हणाली. "अंगुस्तान मी घेतलं. आईचा श्वास चालू होता तेव्हाच." तिने पिशवीत हात घातला, रुमाल ओढून काढला आणि टेबलावर ठेवला.

रुमालाबरोबर आणखी काहीतरी बाहेर आलं आणि घरंगळत जाऊन पाळकांच्या बशीला लागलं. काळं, चकचकीत, सोनेरी टोपणाचं पेन.

पाळकांनी खिसा चाचपला. "हे माझं आहे," ते म्हणाले.

आत्याने पेनाकडे पाहिलं. उजव्या हाताकडे पाहिलं. डोळे मिटून ती बळ मागत होती तेव्हाच, त्या कळकळीच्या प्रार्थनेच्या ऐन मध्यात, हात आपल्या कामाला गेला होता.

"एक्केचाळीस दिवस," ती म्हणाली आणि रडायला लागली. कुणाला दिसेल याची पर्वा न करता, तोंड उघडं टाकून. "एक्केचाळीस दिवस झाले होते! आणि आज! पाळकसाहेब, तुमचंच! प्रार्थना चालू असताना! माझं काही होणार नाही. मी आहे तशीच आहे."

पाळक उठून तिच्याजवळ आले. "हे दिवस कोण मोजत होतं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही की प्रभू?"

"मीच."

"तो मोजत नसतो. त्याला तुम्ही पहिल्याच दिवशी हव्या होतात, पिशवीसकट. आजही हव्या आहात, याच पिशवीसकट. त्यालाच कृपा म्हणतात. ती दिवस भरल्यावर मिळाली असती, तर तिला पगार म्हणावं लागलं असतं." त्यांनी नाक पुसलं आणि हात पुढे केला. "आता माझं पेन द्या. मला लागतं."

आत्याने पेन उचलून त्यांच्या हातात दिलं. साधी गोष्ट होती, पण आजवर तिच्याकडे कुणी काही परत मागितलंच नव्हतं. रडताना मध्येच तिच्या ते लक्षात आलं.

धाकटीने रुमालाची गाठ सोडली. अंगुस्तान काळं पडलं होतं. तिने ते अंगठ्याने पुसून पाहिलं, आणि ती बोलली तेव्हा तिचा आवाज दवाखान्यातला होता, रुग्णाला प्रश्न विचारतात तसा.

"अकरा वर्षं तू दर गुरुवारी माझ्याकडे जेवलीस."

"हो."

"आई गेल्यावर पहिल्या वर्षी मी तुझ्यापाशी रडले. म्हटलं, मी घेतलं नाही गं ताई. तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास."

"हो."

"आणि त्याच दिवशी माझी गाळणी नेलीस."

"हो," आत्या म्हणाली. "ती निळी. तिथे आहे, मोज्याखाली."

प्लंबरला हसू फुटलं. त्याने ते खोकल्यात घातलं, पण उशीर झाला होता. धाकटीचंही तोंड क्षणभर वाकडं झालं, हसण्याने की रडण्याने ते सांगता आलं नसतं. तिने अंगुस्तान मुठीत घेतलं, पर्स खांद्याला लावली आणि ती दाराकडे चालू लागली. आत्याने तिला अडवलं नाही. अडवायचा आपल्याला हक्क नाही, हे तिला पटलेलं होतं. गुरुवार गेला, ती मनात म्हणाली. खरं बोलून गेला, एवढंच.

"धाकटे," मागून दादा म्हणाला. "माझं चुकलं."

धाकटी दाराशी थांबली. या घरात हे शब्द दादाच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. वहिनीने तर चकित होऊन इकडेतिकडे पाहिलं, जणू तिसराच कुणी बोलला असावा.

"कुणाला सांगतोयस? मशीनला?" धाकटीने वळून न बघता विचारलं.

"तुला. माझं चुकलं. मी कामाचा विचार केला, तुझा केला नाही."

"वर्षभर तरी मी तुझ्यावर रागावलेली असणार आहे."

"रागाव," दादा म्हणाला. "पण इथे येऊन रागाव."

धाकटी वळली. डोळे लाल झाले होते, पण चाल ठाम होती. ती सरळ आत्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"ताई, तुझ्यावर मी त्याच्याहून जास्त रागावलेय. केव्हा जाईल ते सांगता येत नाही. पण गुरुवारी यायचंस."

आत्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"यायचंस," धाकटी म्हणाली. "आणि ऐक. माझ्याकडे गाळणी काढून ठेवलेली नसेल. सगळं जिथल्या तिथे असेल, उघड्यावर. जाताना दारात माझ्यासमोर पिशवी उपडी करायची. दर गुरुवारी."

"आणि काही निघालं तर?"

"तर मी मागेन आणि तू देशील. दार मी लावणार नाही. माझ्या मनाचं म्हणशील तर ते एवढं मोठं नाही, मी आजच त्या क्षमेसाठी प्रार्थना करायला लागणार आहे. पण दार लावणार नाही." तिने टेबलावर बोट आपटलं. "कर उपडी. आजपासूनच."

आत्याने पिशवी उचलली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ती चार माणसांत उलटी धरली. चष्म्याचं घर पडलं. किल्ली पडली. उपासनेचा कागद पडला. आणि सगळ्यांत शेवटी, टणकन आवाज करत, साखरेच्या भांड्याचं झाकण पडलं. चहा येऊन अजून पाव तास झाला नव्हता.

 आत्याने वर पाहिलं. तीस वर्षं अशा वेळी माणसं नजर फिरवून कुठे बघत होती ते तिला आज उमगलं होतं: खिडकीबाहेर, छताकडे, आपल्या नखांकडे. पण कुणीही नजर फिरवली नाही. दादा तिच्याकडे बघत होता. वहिनी बघत होती, आणि हात मागे बांधून, ओठ दाबून, काहीही समजूतदार न बोलण्याचा प्रयत्न करत होती.

"आत्या," नवी सून म्हणाली. तिने हात पुढे केला. "झाकण द्या ना. साखरेला मुंग्या लागतील."

आत्याने झाकण तिच्या हातावर ठेवलं. सुनेने ते भांड्यावर बसवलं. एवढंच झालं, आणि आभाळ जिथल्या तिथे राहिलं.

"साडेसातला ये," धाकटी म्हणाली. "उशीर केलास तर सूप गार होतं."